रोझाच्या बंगल्यात नदी शिरली त्याबद्दल

मु. पो. वरची वाडी,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
रविवार, दुपारी जेवणं झाल्यावर

चि. सौ. सीता हिस,
मथुराताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझा गुडघा आता कसा आहे ते कळव, आणि डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस की कपाटात ठेवतेस तेही कळव. (कपाटातच असणार, धाकटी बहीण म्हणून मी तुला ओळखते.) भावोजींची शुगर उतरली असेल अशी आशा करते. अक्षयाला कोल्हापुरातच नोकरी लागल्याचं समजलं, फार आनंद झाला. तिच्या ऑफिसात एसी आहे का तेवढं लिही. आहे म्हणालीस तरी मला काही वाईट वाटणार नाही.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तर ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे ते माणूस गेले अकरा दिवस माझ्याच घरात राहतं आहे आणि आत्ता माझ्याच पलंगावर, फोनच्या चार्जरपासून हातभर अंतरावर झोपलेलं आहे. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन तुझ्याआधी अक्षया वाचते आणि माझा फोन आमचे हे वाचतात. म्हणून पडवीत बसून बचत गटाच्या वहीची पानं फाडून लिहिते आहे. कोणी विचारलं तर गटाचा अहवाल लिहिते आहे असं सांगायचं ठरवलंय. (गटाची अध्यक्ष मी आहे, हे तुला मागे कळवलं होतंच. बिनविरोध.)

माणूस म्हणजे आपली रोझा, खालच्या वाडीतली, शाळेत माझ्या बाकावर बसायची ती. तुला तिच्या रिबिनी आठवत असतील. माझ्याकडे दोन होत्या, एक लाल आणि दुसरीही लाल. तिच्याकडे आठवड्याचे वार तेवढ्या, कारण तिचा मामा म्हापशाहून आणायचा. मी सायकल शिकले तेव्हा तिच्याकडे स्वतःची सायकल होती. (मी तिच्याच सायकलवर शिकले, तो मुद्दा वेगळा.) माझं लग्न एसटीतल्या कंडक्टरशी ठरलं तेव्हा पक्की नोकरी म्हणून वाडीत चार दिवस माझं कौतुक झालं, आणि पाचव्या दिवशी तिचं बोटीवरच्या कुकशी ठरल्याची बातमी आली. मग काय, मॅन्युएल नऊ-नऊ महिने समुद्रावर आणि येताना बॅगा भरून साबण, चॉकलेटं, घड्याळं. त्यातला एक साबण दर वेळी मला मिळायचा. मी तो वापरत नसे, ट्रंकेत साड्यांमध्ये ठेवत असे, आणि ट्रंक उघडली की साड्यांना रोझाचा वास यायचा. चाळीस वर्षं मी हे सोसलं आहे.

मग सहा वर्षांपूर्वी मॅन्युएल बोटीवरून कायमचा उतरला, मुलगा क्रिस्टोफर कॅनडात स्थिरावला, आणि त्यांनी नदीकाठच्या माडांच्या बागेत बंगला बांधला. जुनी माणसं नदीपासून दोन शेतं सोडून घर बांधायची. होडीवाल्या भाईने पाया खणताना येऊन सांगितलंही होतं की हयसर पाणी येता. पण मुंबईच्या आर्किटेक्टने कागदावर रेघ मारून दाखवली की पाणी इथपर्यंतच येईल, आणि नदीने बहुतेक तो कागद पाहिला नव्हता. नदीकडची पूर्ण भिंत काचेची. आपल्या लाल मातीच्या गावात पांढरा सोफा. मॅन्युएलच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम बुटक्या पायऱ्यांचा, रथ जाईल एवढा रुंद जिना. वर पाहुण्यांची खोली, तिला नदीकडे सज्जा. वास्तूच्या दिवशी पाद्री येऊन आशीर्वाद देऊन गेले, मग रोझाने आम्हा बायकांना घर दाखवलं. बाहेरच्या चपला काढून घरातल्या चपला घालायला लावल्या. (माझ्या वाट्याला दोन्ही डाव्या आल्या.) पाहुण्यांची खोली दारातूनच दाखवली, कारण आत गादीवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. मग मला काचेपाशी नेऊन, नदी दाखवत ती म्हणाली, "बघ गो मथुरा, न्हंय घरातच इल्यासारी वाटता." मी म्हणाले, हो गो, बरां आसा. घरी येऊन दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांना अजून कारण माहीत नाही.

त्या दिवसापासून पावसाळ्यात रोज सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. हातात कॉफीचा मग, मागे काच, काचेत नदी. आज पाणी कसा चॉकलेटी झालाहा बघ, आज बगळे बघ. मी चुलीपाशी बसून बगळे बघायचे. आता पुढचं लिहिते ते फक्त तुला, सीते. वाचून झालं की पान फाडून टाक.

मागच्या बुधवारच्या आधीच्या बुधवारची गोष्ट. तीन दिवस पाऊस एक मिनिट थांबला नव्हता. हे मोतीबिंदूच्या तपासणीसाठी सावंतवाडीला गेलेले आणि रस्ता बंद म्हणून तिथेच अडकलेले. आमच्या गोठ्याची कौलं वाऱ्याने उडाली होती, म्हणून म्हशीला, चंद्रीला, खालच्या शेतातल्या मांगरात बांधली होती. (मांगर म्हणजे आपलं अवजारं ठेवायचं खोपट, रोझाच्या कुंपणाला लागून आहे ते.) सकाळी सात वाजता फोन वाजला. रोझा. मला वाटलं, झालं, आज नदी फुगलेली दाखवणार. मी उचलला नाही. परत वाजला. परत नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो पालथा करून त्याच्यावर पाट ठेवला आणि भाकरी थापायला बसले. पाटाखाली तो किती वेळा गुरगुरला ते मी मोजलं नाही. नंतर फोनने स्वतःच सांगितलं. सात.

आठाच्या सुमाराला खालून कोणीतरी ओरडत आलं की रोझाच्या बंगल्यात पाणी शिरलं. सीते, तुझ्यापासून काय लपवू, मला बरं वाटलं. फार नाही, चहाच्या दोन घोटांएवढं. पांढरा सोफा डोळ्यांपुढे आला, दोन्ही डाव्या चपला तरंगताना दिसल्या, आणि आतून कोणीतरी म्हणालं की आता बघ म्हणावं न्हंय घरात. तिसऱ्या घोटाला मला चंद्री आठवली.

मी धावले ती इरलं न घेता. डोंगराचं पाणी वरून आणि भरतीचं पाणी खालून, दोघांची गाठ नेमकी तिथेच पडली होती. मांगराचं नुसतं छप्पर दिसत होतं. मी चिखलात बसले आणि मोठ्याने रडायला लागले. सहा वर्षं पाळलेली म्हैस, दाव्याला बांधलेली, गाठ मीच मारलेली. तेवढ्यात भाईची होडी आली. होडीत रोझा आणि मॅन्युएल. ती नाइटीवर मॅन्युएलचा बोटीवरचा पिवळा रेनकोट घालून, तो छातीशी औषधांची पिशवी धरून, ओठ निळे पडलेला. काठावर खालच्या वाडीतली तीसेक माणसं उभी होती. रोझा उतरली, मला रडताना बघितलं आणि येऊन मिठीच मारली. लोकांना वाटलं मी तिच्यासाठी रडते आहे. एक बाई तर डोळे पुसत म्हणाली की मैत्रीण असावी तर अशी. मीही डोळे पुसले. बोलणार काय?

मग रोझा माझ्या कानाशी म्हणाली, "रडां नको. म्हशीक मी वयर न्हेलंय. फोन किती केलंय तुका."

तर झालं होतं असं. पहाटेपासून पाणी वाढताना ती काचेतून बघत होती. घरात अजून शिरलं नव्हतं. चंद्री मांगरात हंबरत होती. मला फोन लागेना (लागत होता), म्हणून ही बासष्ट वर्षांची बाई कमरेएवढ्या पाण्यातून गेली आणि तिने दावं सोडलं. रस्त्याकडे सखल भागात पाणी आधीच भरलेलं, म्हैस न्यायची कुठे? तिला समोर दिसला स्वतःचा जिना. पुढून रोझा शिंगांना धरून, मागून मॅन्युएल ढकलत, असं त्यांनी तिला वर चढवलं. त्यात अर्धा-पाऊण तास गेला. त्या वेळात ती दोघं सोफा नाही तरी टीव्ही, मशीन, कागदपत्रं वर नेऊ शकली असती. खाली उतरली तेव्हा फ्रिज आडवा होऊन दाराकडे निघाला होता.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. मी भाईबरोबर बंगल्यावर गेले आणि चिखलातून जिना चढून वर आले. चंद्री पाहुण्यांच्या खोलीत होती. गादीवर एक पाय, अर्धा पडदा पोटात, उरलेला तोंडात, आणि सज्ज्याच्या काचेतून नदी बघत शांतपणे रवंथ चालू. सहा वर्षांत मला ज्या खोलीत कोणी बस म्हणालं नाही, तिथे माझी म्हैस मुक्कामाला होती. मला तिचासुद्धा हेवा वाटला, सीते, हे मी देवासमोरही कबूल करीन. आणि खाली येईना. म्हैस जिना चढते, पण उतरायचं म्हटलं की तिला आपली उंची कळते. आणखी एक रात्र तिथेच काढली तिने. तिसऱ्या दिवशी सात पुरुष, जिन्यावर पसरलेल्या माडाच्या झावळ्या आणि प्रत्येक पायरीवर फणसाची सालं, असा बेत मॅन्युएलने आखला तेव्हा ती उतरली. सगळ्या तालुक्यात तो व्हिडिओ फिरला. तुझ्यापर्यंत आला असेल तर त्यात कडेला जो हिरवा पदर दिसतो तो माझा.

पाणी आलं त्याच दिवशी मी त्या दोघांना घरी घेऊन आले, आणि तेव्हापासून सगळा गाव माझ्या पडवीत आहे. कोणी बांगड्याचं तिखलं आणतं, कोणी सोलकढी, चर्चमधून केक आला, सावंतवाडीहून कोणीतरी दोन ब्लँकेटं पाठवली. गेल्या साली माझा हात मोडला होता तेव्हा आठ दिवसांत एक बिस्किटाचा पुडा आला होता, तोही आणणाऱ्याने चहाबरोबर संपवला. एक बातमीवाला माइक घेऊन आला. रोझाला अंगणात उभी करून विचारलं की कसं वाटतंय. ती इतकी छान रडली की माझेही डोळे भरले. बातमीत मी आहे, पण कोपरापर्यंतच. शिवाय घरात तिने माझे डबे उंचीप्रमाणे लावले आहेत, आणि हे परत आल्यापासून कोरी कॉफी पितात. चाळीस वर्षं मी चहात साखर कमी टाकते म्हणून भांडणारा माणूस.

म्हैस उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, गटाची सभा बोलवावी लागली. विषय एकच, चिखल काढायला कुणाकुणाच्या घरी जायचं. खालच्या वाडीतली नऊ घरं बुडाली होती. भाईचं तर मागचं पडवीचं अंग पडलं, जाळी वाहून गेली. रोझाचा बंगला धरून दहा. जानकी, ती शाळेत खिचडी शिजवते ती, पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तेंका कित्याक? झील फॉरेनात, इन्शुरन्स आसा, दोन गाड्यो आसत. काठार बांधूक सांगितला होता कोणी?" बऱ्याच माना हलल्या. माझी मान कुठल्या दिशेला हलवावी ते मला कळेना, कारण हे शब्द माझेच होते. सहा वर्षं पापड लाटताना मी ते सगळ्यांना शिकवले होते.

भाई दारात उभा होता. (पुरुषांना सभेत बसता येत नाही, पण दार अडवता येतं.) तो म्हणाला, "पाणी शिरताना सात-बारो बघणा नाय गो जानकी."

जानकी म्हणाली, "शिरताना बघणा नाय, पण उतारल्यार दिसता. तेंचो सोफो दोन म्हयन्यांत येतलो. तुजी जाळी खंय?"

दोघंही बरोबर बोलत होती. सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या. मी उभी राहिले. पाट, सात कॉल, दावं, सगळं जिभेच्या टोकावर आलं, पण अध्यक्षपद आड आलं. मी एवढंच म्हणाले की आधी भाईचं आणि बाकीची आठ घरं करू, शेवटी रोझाचं. आणि ज्यांना रोझाकडे यायचं नसेल त्यांनी येऊ नये, माझी म्हैस तिथे राहिलेली आहे, मला जावं लागेल. जानकी हसली. आली मात्र. सगळ्यांत जास्त चिखल तिनेच काढला, आणि काढताना प्रत्येक वस्तूकडे बघून "किती ता सामान" म्हणत राहिली.

सगळ्या गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. काचेवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर मातीची सरळ रेघ होती. रोझा जिन्यावर बसली. ती सोफ्यासाठी रडेल म्हणून मी मनाची तयारी केली होती, पण ती रडली नाही. म्हणाली, "लोक बरां झाला म्हणतत. माज्या कानार इला." मी केरसुणीने झाडत राहिले. मग ती म्हणाली की मॅन्युएल रात्री झोपत नाही. पावसाचा आवाज आला की उठून बसतो आणि पाय जमिनीला लावून ओली आहे का बघतो. चाळीस वर्षं समुद्रावर झोपलेला माणूस. माझ्या घरीही तेच करतो, मी ऐकलं आहे. क्रिस्टोफर म्हणतो की बंगला विकून टाका आणि कायमचे कॅनडाला या. तिकिटं दिवाळीनंतरची बघतो आहे.

मी म्हणाले, जावा की मग, थंय पूर येणा नाय. बोलायला गेलं ते एवढं, आणि घरी येऊन मला जेवण गेलं नाही. तू हसशील, पण मी आयुष्यभर जे काही केलं ते रोझाने आधी केलं म्हणून केलं. तिने शिवण लावलं म्हणून मी शिवण लावलं, तिने मुलाला इंग्रजी शाळेत घातलं म्हणून मी ह्यांच्याशी भांडून आमच्याला घातलं, तो आज पुण्यात आहे तो तिच्यामुळे. ती कॅनडाला गेली तर मी कुणावर जळू? जानकीवर? जानकीकडे आहे काय? ह्या वयात नवीन माणूस शोधायचं आणि त्याच्यावर पहिल्यापासून जळायला शिकायचं, हे मला झेपणार नाही.

असो. बाकी सगळं ठीक आहे. चंद्री दूध कमी देते, तिला बहुतेक खोलीची सवय झाली. श्रावणात जमलं तर चार दिवस ये. पलंग रिकामा नसला तरी पडवी आहे. भावोजींना नमस्कार, अक्षयाला गोड पापा.

तुझी,
मथुराताई

ता. क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. आमच्या घराच्या वरच्या अंगाला आईने तुझ्या नावावर ठेवलेला काजूच्या जमिनीचा तुकडा आहे ना, पाण्याच्या टाकीजवळचा, तो तू रोझाला दे. तिथे नदी काय, नदीचा वाससुद्धा पोहोचत नाही. मॅन्युएल झोपेल. मी तिला फक्त तुझा नंबर देऊन ठेवला आहे आणि जमीन आहे असं म्हटलं आहे. तिचा फोन येईल. आढेवेढे घेऊ नकोस, दिवाळी यायला वेळ लागत नाही. मी हे तुला लिहिलं आहे ते तिला अजिबात कळता कामा नये, तिला वाटेल मला तिची गरज आहे.

ता. क. दोन. मात्र एक अट घाल. घर एकमजली. तो तुकडा आधीच आमच्यापेक्षा उंचावर आहे, वर मजला चढला तर तिला आमचं सगळं अंगण दिसेल आणि मला तिची फक्त गॅलरी. काचेची भिंतही नको.

ता. क. तीन. पाकीट बंद करायच्या आधी तिला सगळं सांगून आले. ती उठून चहा करत होती. सांगितलं की फोन वाजत होता, मी मुद्दाम उचलला नाही, वर पाट ठेवला. ती म्हणाली, "माका म्हायत आसा. तुज्या जाग्यार मी असतंय तर मीय उचलूचंय नाय." मग तिने दोन कप भरले आणि एक माझ्यापुढे सरकवला. चहा बरा झाला होता, माझ्यापेक्षा बरा, हे लिहिताना हात जड होतो आहे. दुसरा घोट घेत ती म्हणाली की तुझ्या सीतेला आत्ताच फोन झाला, ती जमीन द्यायला तयार आहे, आणि दोन मजल्यांचंही कबूल झालं आहे.

सीते, मला विचारायचं तरी होतंस.